बाटली ज्याची त्यानं धुवायची

चाचा चव बघायचे, आणि पसंत पडली नाही तर बनवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हेपचं सगळं लिक्विड बेसिनमध्ये ओतायचे. थांबा, ऐकून तर घ्या, असलं काही चालायचं नाही. मग रिकामी बाटली आपल्याच हातात द्यायचे. "बाटली ज्याची त्यानं धुवायची." आणि दुबई मरीनातल्या काचेच्या ऑफिसात माणसांवर ओरडणारा मी मुकाट्यानं ब्रश फिरवायचो. असला खवट माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. तरी दर शनिवारी त्यांच्यासाठी शारजाचा ट्रॅफिक आनंदानं सोसायचो.

चाचा मूळचे राजापूरचे. शारजातल्या रोल्ला भागात, अत्तराच्या दुकानात नाकाच्या जोरावर त्यांनी जन्म काढला. ते दुकान बंद पडलं तेव्हा शेजारच्या व्हेपवाल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटी विकणाऱ्या सेठनं त्यांना मागच्या खोलीत बसवलं. सिगारेट सोडून व्हेपवर आलेले आमच्यासारखे हौशी तिथं स्वतःचे फ्लेवर बनवायला शिकायचे. पहिल्या दिवशी मी आंबा, पुदिना, कॉफी आणि व्हॅनिला असं सगळं एकत्र केलं. चाचांनी एक झुरका घेतला. "पुणेकर, पंगतीचं खरकटं एका बादलीत ओतलंस काय? आधी एकच फ्लेवर. तो जमला की मग दुसऱ्याशी ओळख कर." गेलं बेसिनमध्ये.

नवशिक्याला वाटतं, अर्काचे जास्त थेंब म्हणजे जास्त चव. चाचा म्हणायचे, जास्त थेंब म्हणजे साबण. बनवलं की लगेच ओढायचं नाही, अंधाऱ्या कपाटात मुरू द्यायचं. एका बँकवाल्यानं घाई केली तर त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "आईनं घातल्या दिवशीच लोणचं वाढलं होतं का रे तुला?" बिचारा परत आलाच नाही. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. आणि एक गोष्ट ते दर शनिवारी बजावायचे: "एकच फ्लेवर दिवसभर ओढू नका. जीभ त्याला बहिरी होते."

यंदा त्यांचा व्हिसा संपत आला. साठी उलटलेल्या माणसाला पुन्हा ठेवून घ्यायला सेठ काही धर्मादाय संस्था नव्हता. "चाचा, असली हापूस बनाके दो. मरीना की दुकानों में आपके नाम से रखूँगा, व्हिसा भी करूँगा. नहीं तो खलास." बाजारातला कुठलाही मँगो फ्लेवर घ्या, फिनेलचा सख्खा भाऊ. चाचा हट्टाला पेटले. सकाळी हापूस, दुपारी हापूस, नमाजाहून आले की पुन्हा हापूस. मी न राहवून म्हणालो, "चाचा, जिभेचं काय?"

"ते तुम्हा नवशिक्यांसाठी," ते म्हणाले.

नाव बाटलीच्या बुडाला चिकटवायचं, म्हणजे चाखणाऱ्याला कळत नाही, ही चाचांचीच रीत. सेठ हापूस चाखून निवडणार होता, त्या परीक्षेच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांनाही हापूसच करून आणायला लावला होता. सेठ म्हणाला, आपकी बाटली अलग रखता हूँ. चाचा भडकले. "वशिला नको. सगळ्यांच्यातच ठेव. माझी मी ओळखीन."

पहिल्याच झुरक्याला त्यांचा चेहरा खुलला. "हा बघा! हा माझा. शिका जरा." बाटलीच्या बुडाला नाव माझं होतं. धांदलीत दुप्पट थेंब पडले होते तिच्यात. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी दुसरी ओढलीसुद्धा. "पाणी आहे, नुसतं कोमट पाणी! कुठल्या गाढवाची ही?" आणि ओतली.

उन्हाळ्यात इथं गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. चाचांनी नळ सोडला मात्र, बेसिनमधून वास उठला. अरे देवा, काय वास! पेंढ्यातून पहिला पिकलेला आंबा काढून देठाशी नाक न्यावं, तसा. सेठनं बाटली उलटी करून नाव वाचलं आणि हसला. नालायक, खरोखर हसला. "चाचा, बाटली जिसकी, वही धोएगा."

चाचांनी बाटली धुतली. आम्हाला शिकवली होती तशीच, ब्रश फिरवून, झाकणासकट. मग त्यांनी ओली बोटं नाकाशी नेली.

"पुणेकर, वास येतोय?"

"येतोय."

"कसला?"

"हापूसचा, चाचा."

"खऱ्या?"

"अगदी खऱ्या."

ते बोटं हुंगत राहिले. "परत बनवा की," मी म्हणालो.

"आणि चाखणार कोण?"

महिन्याभरात ते राजापूरला गेले. तिथं तेव्हा आंब्याचा हंगाम संपत आला होता. त्यांनी 'हा माझा' म्हटलेली बाटली अजून माझ्या कपाटात आहे. आठवण आली की झाकण काढतो. इतकी मुरली, तरी साबणाचाच वास येतो.