आईगंवरचा पिवळा झेंडा

फाटकवाल्यांना सगळे फाटकवाले म्हणत, अगदी त्यांचं फाटक गेल्यानंतरही. गावाबाहेर रस्ता जिथे रेल्वेचे रूळ ओलांडत असे, तिथल्या केबिनीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. गाडी यायची वेळ झाली की फाटक पाडायचं, बाहेर येऊन उभं राहायचं आणि इंजिनवाल्याला झेंडा दाखवायचा. काम एवढंच. पण ते त्यांनी अशा रीतीने केलं, की नोकरी संपली तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, या माणसाने आयुष्यात एकदाही चुकीचा झेंडा दाखवला नाही. भाषणातली बाकीची वाक्यं साहेब प्रत्येकाच्या निरोपाला वापरत. हे एक मात्र खास यांच्यासाठी होतं. फाटकवाल्यांनी ते जपून घरी नेलं आणि बायकोला इतक्यांदा ऐकवलं, की पुढे पुढे ते सुरू करायचे आणि तीच पुरं करायची. वर म्हणायची, "बरं, आता तो झेंडा ठेवा आणि भाजी निवडायला बसा."

पुढे फाटक आपोआप पडायला लागलं आणि केबिनीला कुलूप लागलं. फाटकवाल्यांचे हात रिकामे झाले. त्याच सुमाराला गावाबाहेरच्या माळावर मोटोक्रॉसचा ट्रॅक झाला. मातीचे ढीग, खड्डे, अवघड वळणं आणि त्यांवरून बेडकासारख्या उड्या मारत जाणाऱ्या मोटारसायकली. प्रत्येक ढिगाशी झेंडा घेऊन एक माणूस उभा करावा लागे, कारण उडी मारणाऱ्याला ढिगापलीकडचं दिसत नाही. पलीकडे कुणी पडलेला असला तर या माणसाने पिवळा झेंडा हलवायचा. तो दिसला की मागच्याने ॲक्सिलरेटर सोडायचा, उडायचं नाही, चाकं जमिनीवर ठेवून सावकाश ढीग ओलांडायचा. झेंडा म्हटल्यावर लोकांना फाटकवाले आठवले. सगळ्यात उंच ढीग त्यांच्या वाट्याला आला. त्या ढिगाचं नाव आईगं. कुणी ठेवलेलं नव्हतं. तिथे गाडी हवेत गेली की बघणाऱ्यांच्या तोंडून जे निघे, तेच नाव पडलं.

झेंडेवाल्याने कुणाची बाजू घ्यायची नाही, हा तिथला नियम. टाळी नाही, आरोळी नाही, हात वर करायचा नाही. हे फाटकवाल्यांना जड जायला नको होतं, पण गेलं. त्याला कारण धुरळा.

धुरळा म्हणजे त्या ट्रॅकवरचा सगळ्यात जोरकस स्वार. तो गेला की मागे तेवढंच दिसायचं म्हणून हे नाव. फाटकवाल्यांचं त्याच्यावर मन बसलं. आयुष्यभर त्यांनी रुळांवरून जाणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. त्या कधी इकडे नाहीत की तिकडे नाहीत. आणि हा मुलगा गाडी जमिनीवरच ठेवायला तयार नव्हता. धुरळा आईगंवरून उडाला की फाटकवाले झेंडा मांडीशी घट्ट धरून सरळ उभे राहत आणि बुटाच्या आत पायाची बोटं नाचवत. तेवढाच आनंद नियमात बसत होता.

मग एका मोसमात धुरळा आईगंवरूनच पडला. गाडी एकीकडे, तो एकीकडे, मांडीचं हाड भलतीकडे. रुग्णवाहिका येईपर्यंत फाटकवाले त्याच्यासमोर झेंडा हलवत उभे होते आणि खाली पडलेल्या धुरळ्याने त्यांच्या विजारीचा पाय मुठीत धरून ठेवला होता. त्याला पुढे यातलं काही आठवलं नाही. फाटकवाल्यांनी ती विजार पुन्हा घातली नाही, फेकलीही नाही.

दोन मोसम धुरळा अंथरुणात, मग कुबड्यांवर, मग काठीवर. चाहत्यांनी पहिले काही दिवस फार दुःख केलं आणि नंतर सोयीने विसरून गेले. ट्रॅकजवळच्या चहावाल्याने भिंतीवरचा धुरळ्याचा फोटो काढून तिथे काडीचा लावला. काडी हा नवा पोरगा, अंगाने नावासारखाच, पण गाडीवर बसला की कुणाला आवरायचा नाही. मालिशवाला, जो एके काळी धुरळ्याच्या पाठीला हात लावल्यावर दिवसभर हात धुवत नसे, तो आता सांगायचा, की त्या पाठीत दम नाही हे मला पहिल्यापासून हाताला लागत होतं. फाटकवाले यावर काही बोलत नसत. ते कशावरच फारसं बोलत नसत.

आणि या वर्षी मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत धुरळा उतरला. लंगडत आला, गाडीवर बसवायला दोघं लागले. लोक कौतुकाने कमी आणि उत्सुकतेने जास्त जमले होते. आता हा कुठे पडतो ते बघायला.

तो पडला नाही. शेवटच्या फेरीत तो चक्क पुढे होता आणि काडी त्याच्या मागे थोड्याच अंतरावर. दोघं आईगंकडे आले. धुरळा हवेत गेला. फाटकवाल्यांच्या डोळ्यांपुढे तोच जुना क्षण उभा राहिला. गाडी एकीकडे, तो एकीकडे. पण गाडी आणि तो बरोबरच खाली आले, अलगद, आणि धुरळा पुढे निघून गेला.

यानंतर काय झालं ते फाटकवाल्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. बोटं बुटात नाचली असतील, पण तेवढ्यावर भागलं नाही. त्यांचा उजवा हात आपला आपण वर गेला आणि गोल फिरला, एकदा, दोनदा, तीनदा. हातात पिवळा झेंडा होता.

काडी तेव्हा ढिगाच्या पायथ्याशी होता. त्याने झेंडा बघितला आणि शहाण्या मुलासारखा ॲक्सिलरेटर सोडला. चाकं जमिनीवर ठेवून तो सावकाश आईगं ओलांडून गेला. पलीकडे रस्ता मोकळा आहे हे दिसल्यावर त्याने गाडी अशी पिळली, की शेवटच्या वळणात धुरळ्याला जवळजवळ गाठलंच. जवळजवळच. धुरळा अर्ध्या चाकाने जिंकला.

त्या वेळी आईगंपाशी जेवढे डोळे होते ते सगळे धुरळ्याच्या पाठीवर खिळले होते. झेंड्याकडे बघितलं फक्त दोघांनी. एक काडी आणि दुसरे, हात खाली आणल्यावर, फाटकवाले.

मग जो काही कल्लोळ झाला! भोंग्यावरून बोलणाऱ्याने बराच वेळ नुसतेच हुंदके ऐकवले. पुरुष माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ज्यांनी धुरळ्याच्या नावाचे बनियन फरशी पुसायला काढले होते, तेच सगळ्यात मोठ्याने रडत होते. स्टेजवर धुरळ्याने चषक उचलला आणि सांगितलं, की ही माझी शेवटची शर्यत. जिंकून थांबायचं होतं, थांबतो. लोक आणखी रडले. त्याची बायको शेजारी उभी होती, तीही रडत होती. मात्र बाकीचे धुरळ्यासाठी रडत होते आणि ती स्वतःसाठी. दोन वर्षं तिने त्याचं पथ्यपाणी, मलमपट्टी आणि चिडचिड सगळं काढलं होतं, ते हे एक वाक्य ऐकण्यासाठी.

फाटकवाले चहाच्या टपरीवर आले तेव्हा चहावाला काडीचा फोटो उतरवून धुरळ्याचा लावत होता. जुना फोटो मधल्या काळात भज्यांच्या कढईजवळ ठेवलेला, त्यामुळे त्यावर तेलाचा डाग होता. तो म्हणे प्रेमाने हाताळल्यामुळे पडलेला. बाकांवर विजयाची वाटणी चालली होती. मालिशवाल्याच्या मते हा सगळा त्याच्या तेलाचा गुण. गॅरेजवाल्याचं म्हणणं, की मागची स्प्रिंग त्याने सुचवली नसती तर बघायलाच नको होतं. चहावाला म्हणाला, सकाळी धुरळा इथलाच चहा पिऊन गेला, आलं जरा जास्त टाकलं होतं.

फाटकवाल्यांनी कप हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हणाले, "तो माझ्यामुळे जिंकला."

जन्मात पहिल्यांदा ते चार लोकांत आपण होऊन बोलले होते. मग मालिशवाला सरकून बसला.

"या, फाटकवाले, बसा. तुम्हीच राहिला होतात. तुम्ही काय केलंत?"

"झेंडा हलवला. काडीला अडवलं. चुकून."

सगळी टपरी हसली. वाईट हेतूने नाही. दिवसच हसण्याचा होता. गॅरेजवाला म्हणाला, की या माणसाला मी कधी शिंकताना पाहिलं नाही आणि हा म्हणे झेंडा हलवणार. चहावाल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, तुमचंही नाव घेऊ, पण आल्याच्या नंतर. फाटकवाल्यांनी पुन्हा एकदा सांगून बघितलं. दुसऱ्यांदा लोक जरा कमी हसले, आणि हा म्हातारा भलताच भाव खातोय असा चेहरा करून दुसरीकडे बघायला लागले.

ते उठले. इथे विषय संपवता आला असता. सांगून झालं होतं, कुणी ऐकलं नव्हतं, यात त्यांचा काय दोष? पण झेंडा अजून हातात होता. गुंडाळून घेतला तरी त्याचा पिवळा कोपरा बाहेर डोकावतच होता.

काडी आपल्या टेम्पोपाशी एकटाच गाडी दोरांनी बांधत होता. फाटकवाले दिसताच त्याने दोर सोडला आणि जवळ आला.

"काका, कोण पडलं होतं हो? फार लागलंय का?"

फाटकवाल्यांना वाटलं, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पोरगा हरला होता, आणि इतका वेळ त्या न पडलेल्या माणसाच्या काळजीत होता. झेंडा हलला म्हणजे कुणीतरी पडलेलं असणारच, यात त्याला शंका नव्हती. फाटकवाल्यांनी आयुष्यभर हीच तर कमाई केली होती.

"कुणी नाही," ते म्हणाले. "मला आनंद झाला होता."

हसावं की काय करावं ते काडीला कळेना. शेवटी म्हणाला, "हे कशाला सांगितलंत? मगाशी मी नुसता हरलो होतो."

फाटकवाले म्हणाले, चल, पंचांकडे जाऊ, मी सांगतो. काडी म्हणाला, तुम्ही जा, मी येणार नाही. बाहेरची गर्दी बघा, आज मी तक्रार केली तर गाडीसकट मला पेटवतील.

मुख्य पंच तंबूत होते. मोठ्या मिशांचा माणूस, मिशा रडून अजून ओल्या. एका कोपऱ्यात धुरळा खुर्चीवर बसला होता, दुसऱ्या खुर्चीवर पाय. बायको गुडघ्याला बर्फ लावत होती. फाटकवाल्यांनी सगळं सांगितलं. पंचांनी विचारलं, तक्रार कुणाची? कुणाची नाही. मग झालं तर, असं म्हणून पंचांनी रुमाल शोधायला घेतला. फाटकवाले हलले नाहीत. तेव्हा पंचांना निर्णय द्यावाच लागला. झेंडेवाल्याची चूक स्वाराच्या माथी मारता येत नाही, म्हणून निकाल कायम. आणि झेंडा इकडे द्या, तुम्हाला आजपासून सुट्टी.

फाटकवाल्यांनी झेंडा दिला. त्यांना वाटलं होतं, की हात हलका होईल. झाला नाही.

"काका," कोपऱ्यातून धुरळा म्हणाला. इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होता. "काडी उडाला असता, तर?"

इथे 'काय सांगावं' असं म्हणता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. धुरळ्याची बायको बर्फाचा हात थांबवून त्यांच्याकडे बघत होती. तिला नेमकं तेवढंच हवं होतं. फाटकवाल्यांना ते कळलंही. पण आज त्यांनी एकदा चुकीचं दाखवलं होतं, पुन्हा दाखवण्याची त्यांची छाती नव्हती.

"पुढे गेला असता," ते म्हणाले.

धुरळ्याने पाय खुर्चीवरून खाली घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट स्टेजवर रडवेला झालेला तो चेहरा आता पार टवटवीत दिसत होता.

"मग हे काही खरं नाही," तो म्हणाला. "पुढच्या मोसमात पुन्हा उतरतो."

बायकोने बर्फाची पिशवी टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही.

"काका, इतकी वर्षं झेंडा सांभाळलात. अजून तासभर तोंड सांभाळलं असतं, तर मी नवऱ्याला घरी घेऊन गेले असते."

पंच घाईने बाहेर गेले आणि भोंग्यावरून बातमी देऊन टाकली. धुरळा थांबत नाही. का थांबत नाही हेही सांगितलं. माळावर पुन्हा आरोळी उठली, मगाचच्या दुप्पट. ज्यांनी निरोपाचे अश्रू ढाळले होते ते आता स्वागताचे ढाळू लागले. पुसायची गरजच पडली नाही.

फाटकवाले तंबूबाहेर आले तर समोर सगळी टपरी उभी. मालिशवाल्याने त्यांना मिठी मारली आणि ओरडून सांगितलं, की धुरळा परत येतोय तो या माणसामुळे, आणि आपण याला हसलो. गॅरेजवाल्याने पाय धरले, चहावाल्याने खांदा दिला, आणि नको नको म्हणत असताना फाटकवाले लोकांच्या डोक्यांवर गेले.

एवढ्या उंचावरून त्यांना सगळा माळ दिसत होता. आईगं दिसत होतं. त्याच्या अलीकडे धुरळ्याचा टेम्पो उभा होता आणि पुढच्या सीटवर त्याची बायको चषक मांडीवर घेऊन बसली होती. तिने एकदा या गर्दीकडे बघितलं आणि काच वर करायला घेतली. काच पुरती चढायच्या आत तिला हाताने काहीतरी खूण करावी, माफी म्हणा, काहीही म्हणा, असं फाटकवाल्यांना फार वाटलं. पण हात वर न्यायचा आता त्यांना धीर होईना. त्यांनी तो मांडीशी घट्ट धरून ठेवला आणि लोक नेतील तिकडे ते गेले.