हरवलेल्यांची जाहिरात

गल्लीच्या तोंडाशी टेलरमास्तरांचं दुकान. मास्तरांच्या मते गावातल्या दैनिकाचा उपयोग एकच: कॉलरचं माप कापायला कागद बरा पडतो. तरी पेपर रोज घेणार, रोज वाचणार आणि रोज चिडणार. नगराध्यक्षांना शिंक आली तरी पहिल्या पानावर चौकट, आणि विरोधकांनी डोंगर उचलला तरी हवामानाखाली दोन ओळी! मग नगराध्यक्षांच्या हसऱ्या चेहऱ्यावर खडूची रेघ ओढायची आणि कचाकच कात्री चालवायची.

"बंद करा ना तो पेपर," बायको म्हणायची.

"मग चिडू कुणावर? तुझ्यावर?"

पण गल्लीतला नळ आटला आणि थट्टा संपली. पालिकेत खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा बायकांनीच रिकाम्या बादल्या घेऊन मोर्चा काढला. सगळ्यांत पुढे मास्तरांची बायको. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी ती बाई घसा बसेपर्यंत ओरडली. मोर्चा दैनिकाच्या कार्यालयाखालून गेला, तेव्हा वरच्या खिडकीतून कुणीतरी फोटोही काढले.

दुसऱ्या दिवशी पेपर तिने मास्तरांच्या आधी उचलला. पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, पुन्हा पहिलं. तिथे नगराध्यक्ष कारंज्याचं उद्घाटन करत होते. मथळा होता, 'शहरात पाणी मुबलक'. मोर्चाचा कुठे मागमूस नव्हता.

"म्हणजे आपण गेलोच नव्हतो," ती बसक्या आवाजात म्हणाली आणि पेपर घडी करून ठेवला. मास्तरांना ते फार लागलं. त्या दिवशी त्यांनी पेपरला शिवीसुद्धा घातली नाही.

संपादकाला पत्र लिहिणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण दुकानाची जाहिरात देऊन देऊन मास्तरांना एक माहीत होतं, की छोट्या जाहिराती त्या कार्यालयात कुणी वाचत नाही. खिडकीवरचा कारकून शब्द मोजतो, शिक्का मारतो आणि मजकूर सरळ छापायला जातो. मास्तरांनी कागद आत सरकवला.

"कोण हरवलंय?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"माणसं."

"एकाच घरातली?"

"एकाच नळावरची."

ठप्पकन शिक्का पडला.

सकाळी 'हरवले आहेत' या सदरात छापून आलं: 'पाण्यासाठी मोर्चा काढणारी शेकडो माणसे. खूण: हातात रिकाम्या बादल्या. शेवटची दिसली: या दैनिकाच्या खिडकीखाली. सापडल्यास येथेच आणून सोडावे.'

गल्ली पोट धरून हसली. मग कुणीतरी म्हणालं, "अहो, आणून सोडा म्हटलंय ना? चला की!" आणि सगळं गाव बादल्या वाजवत निघालं. जिना भरला, जाहिरातीची खिडकी भरली, संपादकाच्या टेबलावरही एक बादली बसली.

"कोण तुम्ही?" संपादक किंचाळले.

मास्तरांची बायको पुढे झाली. "हरवलेली माणसं. सापडलो, म्हणून जमा व्हायला आलोय. तुमच्याच पेपरात छापलंय, आता खोटं कसं म्हणाल?"

संपादकांनी दाराकडे पाहिलं. शेजारच्या गावांचे बातमीदारही एव्हाना दारात उभे होते. छापण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, अर्धं पान व्यापून, बादली उंच धरलेली मास्तरीणबाई! त्याच आठवड्यात पालिकेने पाइप उकरला आणि नळ खळाळून वाहू लागला.

पुढे नगराध्यक्ष यथावकाश पहिल्या पानावर परतले. मास्तरांनी त्यांच्या झकास कॉलरी कापल्या. ते एक पान मात्र मशीनवरच्या भिंतीला लागलं. नळावरून भरलेली बादली घेऊन येताना बायको त्यापुढे थांबली. घसा आता मोकळा झाला होता.

"गेलो होतो आपण," ती म्हणाली.