माशाच्या जनुकावरचं माझं पत्रक

ज्या गोष्टीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, तिच्याविरुद्ध तुम्ही कधी पत्रक काढलं आहे का? मी काढलं आहे. पिवळ्या कागदावर, ठळक अक्षरांत: 'माशाचं जनुक माणसाच्या रक्तात नको.'

आमचं घर पत्रकांवरच वाढलं. वडील यंत्रमागावर कामाला, युनियनचे. आई विड्या वळायची. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. हात पानं-तंबाखूत गुंतलेले, म्हणून वाचायला एक तोंड लागायचं. सातवीपासून ते तोंड माझं. आईला शाळा मिळाली नव्हती. जे दोनदा मोठ्यानं वाचलं गेलं ते खरं, अशी तिची रीत, आणि ते तिला शब्दन् शब्द पाठ व्हायचं.

पिवळं पत्रकही मी तिथंच वाचलं. माशासारख्या प्राण्यांतली उड्या मारणारी जनुकं काढून माणसांत घालणार आहेत, असं कुठंतरी अर्धवट वाचून मी ते एका बैठकीत लिहिलं होतं.

"मग शेपूट फुटंल की गं," शेजारीण म्हणाली.

"फुटू दे की. गटार तुंबलं की पव्हत घरी जाशील," दुसरी म्हणाली.

आई हसली नाही. "परत वाच," म्हणाली.

दोन वर्षांनी आईला रक्ताचा कर्करोग झाला. औषधं लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी पुण्यातल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. आईच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी बाहेर काढायच्या, कर्करोग ओळखायला शिकवणारं जनुक त्यांच्यात बसवायचं आणि त्या पेशी परत तिला द्यायच्या. जनुक बसवायचं साधन मात्र माशात सापडलेलं: एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसणारा जनुकाचा तुकडा. माशांत तो कधीचाच निकामी झाला होता; शास्त्रज्ञांनी दुरुस्त करून त्याला हमालीला लावलं होतं.

"मासा नाही घालत आम्ही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "फक्त त्याची उडी वापरतो."

आई ताठ बसली आणि तिनं माझं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. मग माझ्याकडे बोट केलं. "हिनं लिवलंय. माझी पोरगी हाय."

परतताना रिक्षात मी तिला सांगितलं, मला काही माहीत नव्हतं, माझं चुकलं.

"व्हय, आता म्हणशीलच. मी मरंन म्हणून भ्यालीस," ती म्हणाली. "भ्यालं म्हणून शब्द फिरवायचा न्हाय. तूच सांगायचीस की."

पुढचे पंधरा दिवस मी रोज समजावलं. तिनं चाचणीच्या संमतीच्या कागदांवर अंगठा दिला नाही. दिवाळीच्या आधी ती गेली.

चाचणीनं ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नव्हते. ती गेल्यावर मी सगळं नीट वाचलं. तो तुकडा नेमका कुठं जाऊन बसेल याचा पूर्ण भरवसा नसतो. नको तिथं बसला तर घात होऊ शकतो. पत्रक काढण्यासारखा प्रश्न हा होता. हे कोण तपासतं, बिघडलं तर जबाबदार कोण, हे मी विचारायला हवं होतं. माहीत असतं तर तिच्याशेजारी बसून डॉक्टरांना विचारलं असतं, आणि मग तिनं नाही म्हटलं असतं तर ते तिचं असतं. ती माझं 'नाही' म्हणत गेली.

तिचं सूप खुंटीवरून काढलं तेव्हा त्यामागे घडी घातलेला पिवळा कागद निघाला. कडांना तंबाखू लागलेला.

कुंभारीत, वळसंगला, जिथं जिथं मी तो वाटला, तिथं कुणाच्या घरी तो अजून असेल तर फाडू नका. त्याची मागची बाजू कोरी आहे. तिथं लिहा: 'लिहिणारीला तेव्हा काही माहीत नव्हतं. डॉक्टरांना विचारा.' आणि पुढची बाजू ज्यांना वाचून दाखवली होती, त्यांना ही बाजूही दाखवा. दोनदा वाचा. मोठ्यानं.