पाटणकरांची डिझेल कोणी घेईना

स्टुटगार्टच्या आमच्या कार कंपनीच्या कँटीनमध्ये जेवण दहा मिनिटांत संपतं आणि ब्रेक उरतो, म्हणून मराठी टेबलावर किस्से साचतात. यंदा सगळे एकट्या पाटणकरांनी पुरवले. हे गृहस्थ नव्या गाड्यांचा धूर कमी करायचं काम करतात आणि स्वतः सोळा वर्षांची डिझेल चालवतात!

*

पूर्वी त्यांच्या काचेत रोज कोणीतरी कार्ड खोचायचं: ‘गाडी विकत घेतो. एक्स्पोर्ट.’ पाटणकर फाडून टाकायचे. “कचरा करतात मेले!”

मग पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाने जुन्या गाड्या आणायला बंदी घातली. कार्डं थांबली. एकदा पाटणकर पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या काचा तपासताना सापडले!

*

एक कार्ड मिळालं. डीलर सॅम्युएल, मूळचा तिकडचाच. फोनवर पहिला प्रश्न, “वय?”

“अठ्ठेचाळीस.”

“गाडीचं!”

“सोळा.”

“मग तुम्ही एकटेच या. कॉफी घेऊ.”

*

तेवढ्यात गाडीची तपासणी आली. इन्स्पेक्टरने खालून टॉर्च मारला. “ही रस्त्यावर धोकादायक आहे. एक्स्पोर्ट करून टाका.”

“तिकडे आता घेत नाहीत.”

इन्स्पेक्टर खरोखर दुखावला. “का? काय झालं त्यांना?”

*

पाटणकर कॉफीला गेले. सोबत आमच्या टेबलावरचे देशमुख. त्यांनी लगेच भाषण ठोकलं, “बंदी योग्यच! तिकडची हवा सुधारेल.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” सॅम्युएल म्हणाला. “माझा भाऊ तिकडे टॅक्सी चालवतो. माझ्याकडून जरा बरी गाडी घेणार होता. आता ती नेता येत नाही, नवी परवडत नाही. म्हणून सत्तावीस वर्षांचीच रेटत होता. गेल्या महिन्यात तिचं इंजिन बसलं. तीन मुलं आहेत. हवा मात्र छान आहे.”

देशमुखांनी कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली.

*

बंदी गाड्यांवर होती, सुट्या पार्ट्सवर नव्हती. “थोडी खटपट केली की तुमचं इंजिन भावाच्या टॅक्सीत बसेल,” सॅम्युएल म्हणाला, आणि पाटणकरांनी इंजिन देऊन टाकलं. काही आठवड्यांनी कँटीनमध्येच व्हिडिओ आला. भाऊ टॅक्सीत बसून किल्ली फिरवतोय.

पाटणकरांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले. “थांबा... आला खोकला! तिसरा सिलिंडर! माझीच!”

त्यांना डोळे पुसताना पाहून शेजारच्या टेबलावरच्या जर्मन बाईंनी हळूच विचारलं, “घरी कोणी आजारी आहे का?”

“होती,” पाटणकर म्हणाले. “आता कामावर जाते.”