माहा आवाज काढून टाकला तेव्हा

सरांनी माइक लॅपटॉपजवळ धरला आन् माहा आवाज हॉलभर ऐकवला. दोनच वाक्यं. मंग बटण दाबून बंद केला.

"ऐकलंत? वाडीच्या ट्रकअड्ड्यावर उभं असल्यासारखं वाटतं," सर म्हणले. "आंधळ्या माणसानं मराठी ऐकायची तर स्वच्छ तरी ऐकावी ना!"

नागपुरातल्या सीताबर्डीचा तो हॉल खदाखदा हसला. मी दुसऱ्या रांगेत बसली होती. मी वाडीचीच. माह्या बाबानं तिथल्या गोदामात हमाली केली, डोळे जाईपर्यंत. माहा आवाज चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजवर बोलून बोलून घडला.

सर आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. मोबाइलवरचं मराठी आंधळ्या माणसाले वाचून दाखवणारं, फुकट सॉफ्टवेअर. कोड सगळ्यांसाठी उघडा, कोणीबी या, हात लावा, असं सर भाषणात सांगत. मी आली. कोड लिहिला. आवाज दिला. मधात घरघर नको म्हणून भर मे महिन्यात कूलर बंद करून, घामानं थबथबत रेकॉर्ड केलं.

हॉलमधल्या त्या हसण्यानंतर सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली. बाबा मोबाइल कानाशी धरून बसले होते.

"काहून वं, ही कोण बाई बोलून राहिली? तू कुठं गेली?"

मले रडू नाही आलं. डोकं फिरलं माहं.

प्रोजेक्टच्या ऑनलाइन उघड्या चर्चेत मी सगळं लिहिलं. सरांनी माहं खातंच बंद केलं. तेव्हा बाकीचे बोलाले लागले. त्यांचंबी काम सरांनी असंच हसून फेकलं होतं. सरांचे भक्त अंगावर आले. "एवढा मोठा माणूस फुकटात राबतो, आन् तुम्ही मधात जात आणता!" अरे, मी आणली? हॉलमध्ये हसलं कोण?

मंग सरांचा फोन आला. "तुझा आवाज पुन्हा टाकतो. ते लिहिलेलं काढ. आणि उच्चार जरा सुधारून पाठव, बेटा."

"लिहिलेलं राहीन. आवाजबी हाच राहीन."

"माझ्या प्रोजेक्टमध्ये नाही."

बरं. उघड्या कोडात एक रीत असते. पटलं नाही तर सगळा कोड उचलायचा आन् आपली वेगळी चूल मांडायची. परवानाच तसा असतो, आन् त्यावर सही सरांचीच.

मी कोड उचलला. माहा आवाज जसाच्या तसा टाकला. आता गोदामातले हमाल, भाजीवाल्या बाया, सगळ्यांचे आवाज घेऊन राहिलो आम्ही. सरांले द्यावासा वाटला तर त्यांचाबी घेऊ. पण कोणाचा काढायचा, हे आता त्यांच्या हातात नाही.