बिनसहीचं स्कोअरशीट

"हिचं लक्ष पायांवरच जाणार. बाप स्टेशनबाहेर चपला शिवतो ना हिचा."

डोंबिवलीतल्या एका क्लबचं मैदान. मुलींची बास्केटबॉल फायनल, शेवटचं मिनिट, यजमान एका पॉइंटने मागे, आणि मी त्यांच्याविरुद्ध शिट्टी मारलेली. बोलणारे यजमानांचे कोच. आवाज चढवला नव्हता. चहा मागावा तितक्या सहज बोलले. खुर्च्यांवरचे पालक हसले.

मीही हसले. ओशाळून. पंचाचा शर्ट अंगात, शिट्टी गळ्यात, आणि हसले. ती लाज अजून जात नाही.

त्यांना कळलं कसं, तेही सांगते. महिन्यापूर्वी त्यांच्या बॅगेची चेन बाबांनी बसवून दिली होती. तेव्हा बाबाच कौतुकाने म्हणाले होते, "आमची पोरगी बास्केटबॉलची पंच हाय."

शिट्टी मी उगाच मारली नव्हती. बॉल हातात घेऊन उभं राहिलं आणि एक पाय उचलला, की दुसरा जमिनीला खिळला. त्याच्यावर हवं तेवढं गरगर फिरा. तो उचलून परत टेकवला, की ट्रॅव्हलिंग, बॉल समोरच्या टीमला. यजमानांच्या मुलीने खिळलेला डावा पाय उचलला, टेकवला, मग बॉल मारला. पाय टेकताक्षणी माझी शिट्टी गेली होती. बॉल नंतर जाळीत पडला. ते पॉइंट धरायचेच नव्हते.

मुख्य पंच जवळ आले. मला हा नियम शिकवला तो त्यांनीच. हळूच म्हणाले, "सोड ना गं. सरांचं मैदान आहे. कशाला ताणतेस?" आणि टेबलाकडे वळून दोन बोटं दाखवली. दोन पॉइंट. यजमान एकाने जिंकले.

सकाळपासूनची ती माझी चौथी मॅच. पाय भरून आले होते, भांडायचं त्राण नव्हतं. मग स्कोअरशीट समोर आलं. आमच्यात आधी दुसऱ्या पंचाने, म्हणजे मी, सही करायची, मुख्य पंचाने शेवटी. तेव्हा निकाल पक्का. वाटलं, करून टाकावी आणि आंबिवलीला घरी जाऊन पडावं. पण हरलेल्या मुली समोरच बुटांच्या नाड्या सोडत बसल्या होत्या. त्यातली एकही माझ्याकडे बघत नव्हती.

मी पेन खाली ठेवलं.

"सर, त्या दोन पॉइंटखाली मी सही करणार नाही."

"मग पुढच्या वेळी तुला बोलावणार कोण?" मुख्य पंच म्हणाले.

कोणी बोलावलं नाही. दोन वर्षं झाली. मधूनमधून कोचचा निरोप येतो, माफीच्या दोन ओळी लिहून दे, विसरून जाऊ. बाबा म्हणतात, "दे लिवून, पोरी. आपल्याला ह्याच लोकांत ऱ्हायचंय." त्यांचा राग येत नाही. थकायला होतं फक्त.

माफी लिहायचीच असेल तर कोचनी लिहावी, माझ्या बाबांच्या नावे. आणि ते दोन पॉइंट खोडावेत. तोवर त्या शीटवरची माझी जागा कोरी राहील.