डोंगरावरची हजेरी

मुकादमआत्या माणसाला नावाने हाक मारायची आणि त्याने ‘हाय’, म्हणजे ‘हजर आहे’, म्हटल्याशिवाय पुढचं बोलायची नाही. माणूस समोर बसलेला असला तरी! पंगतीत वाढतानाही हजेरी. नवे जावई तर बिचकूनच जात.

ही खोड तिला डोंगराने लावली. आमच्या देगलूरकडच्या त्या डोंगराच्या पोटात चुनखडी भरलेली. बहात्तरच्या दुष्काळात तिथल्या बंद खाणीत पुन्हा काम निघालं आणि माझ्या वडिलांची ही थोरली बहीण मुकादम झाली. मीही खडी वाहायला जायचे. सुरुंग उडाला की आत्या एकेकाला हाक मारी. शेवटचा माणूस ‘हाय’ म्हणेपर्यंत कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही, हा तिचा कायदा.

कायद्यात भावालाही सवलत नव्हती. वडीलही तिथेच दगड फोडत; मजुरीच्या मापाला ढीग मोठा दिसावा म्हणून आत पोकळी ठेवत. आत्याने सगळ्यांदेखत लाथ घातली, ढीग खाली बसला.

“दगडं रचलास का घरटं बांधलास रं?”

झालं! वडिलांनी अबोला धरला. आमच्या घराण्यात अबोला म्हणजे अबोला.

दुसऱ्या दिवशी सुरुंग उडाला. सगळ्यांनी ओ दिली. मग वडिलांची पाळी. “किसन!” उत्तर नाही. “आरं किसन!” नाहीच. आत्या धुरळ्यात शिरली आणि हातांनी दगड उपसू लागली. तेवढ्यात बाभळीआडून वडील उठले.

“हितंच हाय की मी! तुझ्याशी बोलायचं न्हवतं म्हून गप होतो.”

आत्याने आधी थोबाडीत दिली, मग त्यांना कवटाळून हंबरडा फोडला. “रुसायचं तं घरी रूस. डोंगरावर रुसायचं न्हाई!”

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तोवर खाण पुन्हा बंद पडली होती. आत्या लेकाकडे लातूरला गेली. खाण सुटली, हजेरी सुटली नाही.

तिथेच तिचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. वडील सकाळपासून दवाखान्यातल्या बाकावर बसून. मी चहा दिला, पाणी दिलं, दोन्ही परत. संध्याकाळी आत सोडलं, तेव्हा ते खाटेशी उभे राहिले.

“आक्का!”

डोळे मिटलेले.

“आगं आक्का!”

काही नाही. वडिलांनी खाटेचा दांडा घट्ट धरला. मग आत्याचा एक डोळा किलकिला झाला.

“हाय,” ती पुटपुटली. “कसं वाटलं रं?”

वडिलांनी तिच्या उशाचा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले.